विठाबाईंच्या मागावर : नारायणगाव ते पंढरपूर, चार दिवस

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते कर्ण्यातून. शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेत दुपारभर गाडीवरून हे नाव पुकारले जात होते, आणि रात्री जेवणे उरकल्यावर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला घोंगडीत गुंडाळून पटांगणात नेले. मी आठ वर्षांचा होतो. तमाशातले मला काही कळत नव्हते. एकच गोष्ट आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे : बाई लावणी म्हणत होत्या, आणि दादांनी तळहातावर मळायला घेतलेली तंबाखू तशीच धरून ठेवली होती. लावणी संपेपर्यंत ती तोंडात गेली नाही. संपल्यावर त्यांनी ती झटकून टाकली आणि नव्याने चिमूट घेतली.

१५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या. तेव्हापासून दरवर्षी जानेवारीत मनात येत असे की एकदा नारायणगावला जावे, पण जानेवारीत जाऊन उपयोग नव्हता. तमाशाचे नारायणगाव पाहायचे तर ते पाडव्याच्या आसपास. या वर्षी योग आला. सोबत माझा भाचा होता, जो चार वर्षांपासून ढोलकी शिकतो आहे. विठाबाईंविषयी त्याला एकच गोष्ट ठाऊक होती, जी सगळ्यांना ठाऊक असते : नऊ महिने भरलेले असताना त्या बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या रंगमंचावर, उभ्या राहिल्या, मध्येच कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहायला निघाल्या. वाटेत त्याने मला विचारले, “मामा, पण त्या गायच्या कशा?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पुढचे चार दिवस आम्ही एका अर्थाने तेच शोधत होतो.

पहिला दिवस : राहुट्यांचे गाव

पुण्याहून नारायणगाव सुमारे पंच्याहत्तर किलोमीटर आहे. चाकणच्या कोंडीत तासभर गेला, एवढेच प्रवासाबद्दल सांगण्यासारखे. उतरलो तेव्हा ऊन टळटळीत होते आणि टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेले टेम्पो बाजाराकडे निघाले होते. जुन्नर तालुक्यातले हे गाव शेतमालाच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहेच, पण उभ्या महाराष्ट्रातल्या यात्रा कमिट्या त्याला ओळखतात ते तमाशाची पंढरी म्हणून. दरवर्षी यात्रांचा हंगाम जवळ आला की लहानमोठ्या फडांच्या राहुट्या इथे ओळीने लागतात. प्रत्येक राहुटीच्या दाराशी फडमालकाच्या नावाचा रंगीत फलक, आत एक टेबल, चार खुर्च्या, बूड झिजलेली सतरंजी, भिंतीच्या जागी कलावंतांची छायाचित्रे, आणि तारखांची वही.

त्या वहीभोवती सगळा कारभार फिरतो. आम्ही एका राहुटीत टेकलो तेव्हा जवळच्याच तालुक्यातून आलेले पाच पंच सुपारी ठरवायला बसले होते. त्यांच्या यात्रेची तारीख दोन गावांशी एकाच दिवशी येत होती आणि म्हणून आकडा लाखाच्या पुढे अडला होता. मॅनेजर आवाज न चढवता एकेक गोष्ट मांडत होता : किती माणसांचा फड, किती गाड्या, डिझेल, जनरेटर, हंगामाआधी कलावंतांनी घेतलेली उचल. पंचांपैकी सर्वांत वयस्कर गृहस्थांनी अखेर विचारले, “वग पुरा करता का मधीच गुंडाळता, ते सांगा आधी.” मॅनेजर म्हणाला, “तात्या, टाइम मिळाला तर पुरा करतो. टाइम तुमच्या हातात.” तात्यांनी मान हलवली, इसाराच्या नोटा मोजल्या, वहीत तिथी चढली. करार झाला तो एका वाक्यावर आणि वगाच्या, म्हणजे तमाशात शेवटी होणाऱ्या नाट्याच्या, आस्थेवर. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी यात्रा बंद होत्या, तेव्हा या वह्या कोऱ्या राहिल्या आणि डोक्यावरचे कर्ज तेवढे वाढले, हे मॅनेजरने पंच गेल्यावर सांगितले.

या गावाला हे स्थान मिळाले त्यात एका घराण्याचा वाटा मोठा आहे. विठाबाईंचे आजोबा नारायण खुडे मूळचे आमच्याच शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाईचे. त्यांनी फड उभा केला. पुढे विठाबाईंचे वडील आणि चुलते यांच्या नावाने ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा फड गाजला. विठाबाईंच्या पूर्ण नावाचा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट विचार केला. त्यात त्यांचे नाव आहे, वडिलांचे आहे, जात आहे आणि गाव आहे. ज्या काळात जात सांगितली की पाण्याचा तांब्या दूर सरकत असे, त्या काळात हे नाव कर्ण्यातून गावोगाव पुकारले गेले आणि त्याच नावावर गावे लोटली. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला तोही याच नावाचा. २००६ पासून महाराष्ट्र शासन त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार देते.

राहुट्या पाहायला जायचे असेल तर सकाळी दहानंतर जावे. त्याआधी मंडळी रात्रीच्या जागरणातून उठलेली नसतात. सुपारी ठरत असताना मध्ये बोलू नये आणि छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये. चहा मात्र पुढे आला तर नाही म्हणू नये.

दुसरा दिवस : यात्रा, वळीव आणि हलगी

ज्या फडाच्या राहुटीत बसलो होतो त्याचा त्या रात्रीचा कार्यक्रम मीना नदीच्या खोऱ्यातल्या एका गावी होता. मॅनेजर म्हणाला, “या की. गावकऱ्यांना सांगतो, पाहुणे हायेत म्हणून.” त्याने फोन केला आणि आम्ही दुपारीच पोहोचलो, तेव्हा खरोखरच पाहुण्यासारखे स्वागत झाले. या भागातल्या यात्रेची रीत ठरलेली आहे : सकाळी देवाला अभिषेक, मांडव-डहाळे, मग शेरणीचे वाटप. ज्याचा नवस फिटला तो गूळ वाटतो, आणि वाटेत भेटेल त्याच्या तळहातावर खडा ठेवतो. माळावरच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडे धावत होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये शर्यतींचा कायदा कायम ठेवला तेव्हापासून या खोऱ्यातल्या यात्रांना पुन्हा जुनी गर्दी होऊ लागली, असे सरपंचांनी अभिमानाने सांगितले.

जेवायला मासवडी होती. ज्यांनी ती खाल्ली नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की नावात मासा असला तरी ती निव्वळ शाकाहारी आहे. बेसन घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापायचे, त्यात तीळ, सुके खोबरे, लसूण यांचे सारण भरायचे, वळकटी करून वड्या पाडायच्या आणि झणझणीत काळ्या रश्शाबरोबर बाजरीच्या भाकरीशी खायच्या. आम्हांला वाढणाऱ्या काकूंनी फडके झटक्यात ओढून वळकटी कशी सोडवतात ते चुलीपाशी बसवून दाखवले. वळकटीवर फडक्याच्या विणीची बारीक जाळी उमटली होती, अगदी माशाच्या खवल्यासारखी.

साडेपाचला आभाळ भरून आले. सहाला वळीव कोसळला, गारांसकट. बोर्डाची कनात एका बाजूने फाटली, पटांगणात चिखल झाला आणि मला वाटले की आता काही होत नाही. पण गावातली पोरे भाताचा पेंढा घेऊन आली, तो चिखलावर अंथरला, वर ताडपत्र्या टाकल्या आणि आठ वाजता जनरेटर धडधडू लागला.

बोर्डाच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या पेट्यांच्या राशीशेजारी, एक वृद्ध गृहस्थ रद्दी पेटवून हलगी शेकत बसले होते. फडातले सगळे त्यांना आबा म्हणत. वय ऐंशीच्या जवळ. हाडापेराने मोठे, पण आता वाकलेले. तरुणपणी निरनिराळ्या फडांतून ढोलकी वाजवली, आता बोटे साथ देत नाहीत म्हणून पेट्यांची राखण आणि वाद्यांची निगा. ओलाव्याने हलगीचे कातडे ढिले पडते आणि आवाज बसतो. आबा ती जाळावर धरत, फिरवत, काढून बोटाने टिचकी मारत, कानाशी नेत, पुन्हा धरत. जाळापासून किती अंतरावर धरायची हे ते डोळ्यांनी बघतच नव्हते. हाताच्या पाठीला धग लागली की हात आपोआप वर जाई. पाचव्यासहाव्या वेळी टिचकी मारल्यावर तिचा आवाज पत्र्यावर खडा पडावा तसा कडक निघाला. त्यांनी ती शेजारच्या पोराकडे दिली आणि भाच्याला म्हणाले, “वाजवता का?”

“ढोलकी शिकतोय, आबा.”

“नटबोल्टाची का दोरीची?”

“नटबोल्टाची.”

“सोपी हाय. दोरीची वढून बगा एकदा. कडी सरकवताना नखं निगत्यात, पर पुडी चढली की दिसभर आपलीच ऱ्हाते.”

मग आम्ही विठाबाईंचे नाव काढले. ते बराच वेळ जाळाकडे बघत राहिले. मला वाटले तेही बाळंतपणाचीच गोष्ट सांगतील. ते म्हणाले, “ती गोष्ट समदे सांगत्यात. खरी हाय, म्हणून सांगत्यात. पर बाई गात कशी व्हती ते कुनी इचारत न्हाई. तुमी इचारताय म्हणून सांगतो. बाई वळ सोडायची न्हाई. आताच्या पोरी वळ म्हनत्यात आन मोकळ्या व्हत्यात. बाई वळ म्हनली की तिचा शेवट हातात धरून ठेवायची. ढोलकीवाल्याला कळायचं न्हाई समेवर यायचं का थांबायचं. मानसं तोंडाकडं बगत ऱ्हायची. मग सोडायची.”

दादांच्या तळहातावरची तंबाखू का थांबली होती ते मला पन्नास वर्षांनी, एका चिखलातल्या पटांगणाच्या मागे, त्या रद्दीच्या जाळापाशी कळले.

कार्यक्रम सुरू झाला. ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी, मग गण, म्हणजे गणपतीचे स्तवन, मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात, आणि मावशी त्यांची बाजू घेऊन भांडते. हा प्रसंग पटांगणातल्या प्रत्येकाला पाठ असतो आणि तरीही प्रत्येक जण पुढे काय होणार म्हणून माना उंचावतो. मावशीचे काम करणारा नट असामान्य होता. त्यानंतर मात्र चित्रपटगीतांवरचे नाच सुरू झाले आणि ते तासभर चालले. मला ते आवडले नाहीत. नाचणाऱ्या मुलींचा दोष नाही, त्या जिवाच्या आकांताने नाचत होत्या. पण ध्वनिमुद्रित गाणे लागले की ढोलकीवाला हात मांडीवर ठेवून बसतो, आणि तो तसा बसलेला पाहणे माझ्याने होत नव्हते. वग सुरू झाला तेव्हा परवानगीची वेळ संपत आली होती. राजा दरबारात येऊन बसला, प्रधानाने मुजरा केला, आणि पोलीस पाटलांनी बोर्डाजवळ जाऊन घड्याळाकडे बोट दाखवले.

यात्रेतल्या तमाशाला जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कार्यक्रम किती वाजेपर्यंत चालेल ते त्या गावाला मिळालेल्या ध्वनिक्षेपकाच्या परवानगीवर अवलंबून असते, म्हणून गण चुकवू नका. चैत्रात दिवसा कितीही उकडले तरी पहाटे गारठा पडतो. जाड चादर जवळ असू द्या. बायकांची बसण्याची बाजू बहुतेक ठिकाणी वेगळी असते. कनातीमागे बोलावल्याशिवाय जाऊ नका. ती कलावंतांची घरे असतात, तिथे पेट्यांच्या आडोशाला त्यांची लेकरे झोपलेली असतात.

तिसरा दिवस : हजेरी

शहरातली माणसे रात्रीचा तमाशा पाहून परततात आणि एका मोठ्या गोष्टीला मुकतात. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाची हजेरी असते. रंगरंगोटी नाही, दिव्यांचा झगमगाट नाही. देवळापुढच्या पारावर किंवा पटांगणात, रात्रीच्या जागरणाने डोळे तांबारलेले कलावंत साध्या साडीत उभे राहतात आणि गावकऱ्यांच्या फर्माइशीवरून गातात. त्यानंतर कुस्त्यांचा आखाडा भरतो आणि यात्रा उलगते.

त्या सकाळी हवा धुतल्यासारखी होती. रात्री तासभर सिनेमाच्या गाण्यांवर नाचलेल्या मुलींपैकी एक, पंचविशीची असावी, कडेवरचे मूल आबांच्या मांडीवर देऊन चाळ बांधायला बसली. आधी पायाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, मग घुंगरांचा पट्टा टाचेपासून वर चढवत नेला, प्रत्येक वेढ्याला दातांनी दोरी ओढून घट्ट केली. दुसरा चाळ जमिनीवर होता तो मी उचलून तिच्या हाती दिला, तर वजनाने माझे मनगट खाली गेले. तिने उठण्याआधी दोन्ही चाळांना हात लावून हात कपाळाला लावला.

एका म्हाताऱ्या गावकऱ्याने जुन्या बैठकीच्या लावणीची फर्माईश केली. मला वाटले, येणार नाही हिला. तिने आबांकडे पाहिले, आबांनी बोटाने मूल थोपटत डोळ्यांनीच होकार दिला, आणि तिने सूर लावला. माईक नव्हता. पहिले कडवे साधेच गेले. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी तिने ओळ धरली. ढोलकीवाल्याचा हात पुडीपासून बोटभर अंतरावर थांबला, पारावरचे चाळीसपन्नास लोक थांबले, देवळाच्या कळसावर बसलेले पारवे तेवढे घुमत होते. आणि मग तिने ती सोडली. भाच्याने माझा दंड घट्ट पकडला होता. आबा मुलाला थोपटतच होते.

ती खाली बसल्यावर मी तिला म्हणालो की हे रात्री का नाही गायलात. ती म्हणाली, “दादा, रात्री कुनी मागत न्हाई.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

विठाबाईंच्या लेकींनीही हीच वाट धरली. मंगला बनसोडे यांनी पुढे स्वतःचा फड उभा करून तो नावारूपाला आणला. पण विठाबाईंच्या वाट्याला अखेरीस जे आले ते विसरता येत नाही. १९६२ च्या युद्धाच्या काळात सीमेवर जाऊन ज्यांनी जवानांपुढे कला सादर केली, त्यांच्या शेवटच्या आजारपणात औषधोपचारांसाठी लोकांना वर्गणी काढावी लागली. हे लिहिताना आजही माझा हात जड होतो.

निघताना भाच्याने आबांचा फोन नंबर घेतला. आबांनी त्याला दोरीच्या ढोलकीची एक जुनी लोखंडी कडी दिली, गंजलेली, आतून गुळगुळीत झालेली. दुपारी पुणे, आणि स्वारगेटहून रात्री उशिरा पंढरपूर.

चौथा दिवस : पंढरपूर

विठाबाईंचा जन्म जुलै १९३५ मध्ये पंढरपुरात झाला आणि विठ्ठलाच्या गावी जन्मली म्हणून तिचे नाव विठा ठेवले. इथे येण्याचे कारण एवढेच होते. चैत्री एकादशीला अजून काही दिवस होते, त्यामुळे गर्दी बेताची होती. ज्यांना निवांत दर्शन हवे त्यांनी एकादशीच्या आगेमागे दोनतीन दिवस सोडूनच यावे, आणि पाय भाजू नयेत म्हणून सकाळी नवाच्या आत दर्शन उरकावे.

महाद्वारापाशी नामदेव पायरी आहे आणि तिच्या समोर चोखोबांची समाधी. मी तिथे थांबलो आणि सालांचा हिशेब मनात मांडला. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये या देवळाचे दार सर्वांसाठी उघडावे म्हणून इथे उपोषण केले. म्हणजे १९३५ साली, पोटच्या मुलीला ज्या देवाचे नाव दिले, त्याच्या पायावर ती मुलगी घालायला भाऊ मांगांना आत जाता येणार नव्हते. चोखोबा जिथपर्यंत आले तिथपर्यंतच त्यांचीही वाट होती. तरी त्यांनी तेच नाव ठेवले. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो काही बोलला नाही. समाधीवर डोके टेकवून आला आणि मग आम्ही आत गेलो.

दर्शनानंतर आम्ही विठाबाईंचा जन्म गावात नेमका कुठे झाला याची चौकशी केली. दुकानदारांना, बडव्यांच्या वाड्यापाशी बसलेल्या वृद्धांना, चंद्रभागेच्या घाटावरच्या नावाड्यांना विचारले. कुणालाच माहीत नव्हते. घाटाच्या वरच्या पायरीवर तुळशीमाळा ओवत बसलेल्या एका आजींना अखेर विचारले. जन्माचे घर त्यांनाही ठाऊक नव्हते, पण नाव ऐकताच त्यांनी मणी बाजूला ठेवले.

“विठाबाई? आमच्या मालकांनी दोनदा नेलं व्हतं मला. त्या काळात बाया तमाशाला जात न्हवत्या, पर त्यांनी नेलं. तुमी ऐकली बाईला?”

मी म्हणालो, “एकदाच. आठ वर्षांचा होतो.” आणि दादांच्या तळहातावरच्या तंबाखूची हकीकत त्यांना सांगितली. त्यांनी ती सगळी मन लावून ऐकली.

“मग? लावणी कंची व्हती?”

ते मात्र मला आठवेना. मी डोळे मिटून पाहिले, घोंगडीचा वास आठवला, बत्तीची सूंसूं आठवली, दादांचा अंगठा तळहातावर थांबलेला आठवला. शब्द एकही आठवला नाही. आजी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

“मामा, आबांना विचारू,” भाचा म्हणाला. “तुम्ही चाल गुणगुणा, त्यांना कळेल.” आणि त्याने तिथेच पायरीवर बसून फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. साडेनऊ वाजले होते. कुठल्यातरी गावात हजेरी चालू असणार.